नाक्याच्या अलीकडे, नाक्याच्या पलीकडे : पैनगंगाकाठचे आंध, लमाण आणि ज्वारी

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगा ओलांडण्याच्या आधी लागणारे कनेरगाव नाका हे आज हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, सोयाबीन आणि हळदीच्या पट्ट्यातले गाव आहे. परंतु १८५३ ते १९५६ या शंभराहून अधिक वर्षांच्या काळात ते दोन निराळ्या राज्यव्यवस्थांच्या सांध्यावर उभे होते. नदीच्या दक्षिणेला निजामाचे हैदराबाद राज्य, उत्तरेला आधी इंग्रजांच्या ताब्यातील आणि १९०३ नंतर मध्य प्रांताला जोडलेला वऱ्हाड, अशी ही विभागणी होती. माती, पाऊस, बोली आणि देवदेवता दोन्ही काठांवर जवळजवळ सारख्याच असल्या, तरी शेतसारा, जकात, कुळांचे हक्क आणि पुढे अनुसूचित जमातींच्या याद्या मात्र काठाकाठाने बदलत गेल्या. या भागातील शेतीचा इतिहास बहुधा देशमुख-देशपांडे आणि पाटील-कुलकर्णी यांच्या वतनी कागदांतून आणि कापसाच्या बाजाराच्या आकड्यांतून लिहिला गेला. त्यात डोंगरात आधीपासून राहणारे आंध आणि धान्याच्या गोण्या वाहत बाहेरून आलेले लमाण हे केवळ मजूर म्हणून किंवा उपद्रव म्हणून येतात. वस्तुतः बरड जमिनी लागवडीखाली येण्यात, बैल पैदा करण्यात आणि भारी जमिनीतील पीक घरात येण्यात याच दोन समाजांचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या घरी भाकरी किती शिजणार हे पावसाइतकेच नदीच्या कोणत्या काठावरचे कागद त्यांना लागू होतात यावर ठरत आले.

आंध समाजाची वस्ती कळमनुरी आणि औंढा नागनाथ, त्याला लागून हदगाव, हिमायतनगर आणि किनवट, तर पैनगंगेच्या पलीकडे पुसद, उमरखेड आणि महागाव अशा सलग डोंगरपट्ट्यात आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील आंधांची संख्या सुमारे पावणेपाच लाख नोंदली गेली. हा समाज मराठी बोलतो, त्याचे सणवार आणि पोशाख आसपासच्या कुणब्यांपासून फारसे वेगळे नाहीत, आणि नेमके हेच सारखेपण कागदोपत्री त्याला महागात पडले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात, १९११ साली ५२,००० संख्या असलेल्या वऱ्हाडातील आंधांचे मूळ आर्येतर जमातीत शोधले आहे, परंतु त्यांचा परिचय ‘शेती करणारी कनिष्ठ जात’ असा करून दिला आहे. नदीच्या दक्षिणेला सय्यद सिराज-उल-हसन यांनी १९२० मध्ये निजामी मुलखातील जाती-जमातींवर लिहिलेल्या ग्रंथातही आंधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. एकच समाज दोन सरकारांच्या दोन ग्रंथांत शिरला आणि पुढे दोन वेगळ्या याद्यांत पडला.

आंधांची शेती मुख्यतः उताराच्या, मुरमाड जमिनीची होती. या जमिनीला ओल धरवत नाही, म्हणून खरिपात ज्वारी, तूर, मूग, उडीद अशी मिश्र पेरणी करायची, म्हणजे एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते, ही त्यामागची रीत. शेतातील धान्य संपून नवे येईपर्यंतचे आषाढ-श्रावणाचे दिवस तरोटा, कुरडू यांसारख्या पावसाळी भाज्यांवर, रानातील कंदांवर आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मोहफुलांवर निघत. जंगल हा या शेतीचाच एक भाग होता, त्यामुळे राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या तेव्हा आंधांच्या शेतीचा अर्धा आधारच कायद्याच्या बाहेर गेला. खोऱ्यातील काळ्या, भारी जमिनीत आंध आला तो सालगडी म्हणून. सालगडी म्हणजे वर्षभरासाठी ठरलेल्या धान्यावर आणि रोख रकमेवर एकाच घरी राबणारा गडी. त्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते, आणि उचललेले पैसे फिटले नाहीत तर ते पुढच्या सालात जाते. ज्याच्या वखरणी-कोळपणीवर खोऱ्यातील ज्वारी उभी राहिली, त्याच्या घरी तिचा वाटा आधी ठरलेल्या मापानेच येत असे.

लमाण, म्हणजे बंजारा समाज, या भागात आला तो शेतकरी म्हणून नव्हे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ आणि कापूस दूरवर नेणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. जंगी आणि भंगी हे दोन नाईक १६३० च्या सुमारास आसफखानाच्या मोगली फौजेबरोबर, धान्य वाहणाऱ्या १,८०,००० बैलांसह दक्षिणेत उतरले, अशी परंपरा वऱ्हाडातील इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. आकडा दंतकथेत वाढलेला असू शकतो, पण फौजेचे पोट लमाणांच्या बैलांवर चालत असे यात शंका नाही. १८०३ च्या असई आणि अडगावच्या लढायांच्या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचे सैन्यही त्यांच्याच धान्यपुरवठ्यावर विसंबून होते. शांततेच्या काळात हीच वाहतूक बाजार चालवी. वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे, आणि परतीच्या वाटेवर त्याच गोण्यांतून दुसरा माल येई. ज्या प्रदेशात सडका नव्हत्या तिथे एका तालुक्यातील सुकाळ दुसऱ्या तालुक्यातील दुष्काळापर्यंत पोचवणारी दुसरी यंत्रणाच नव्हती. अन्नाच्या न्याय्य वाटपाचा विचार आज रेशन दुकानापासून सुरू होतो. अठराव्या शतकात तो तांड्यापासून सुरू करावा लागेल. अर्थात लमाण हा व्यापारी होता, धर्मादाय संस्था नव्हे, आणि टंचाईत भाव चढल्यावर नफा तोही घेत असे.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. कारण होते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाचे: निजामाच्या नावाने ठेवलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातील ही फौज पोसण्याचे पैसे थकले होते. या फौजेची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. म्हणजे पैनगंगेच्या उत्तरेकडील शेतकऱ्याचा सारा नदी ओलांडून दक्षिणेकडील हिंगोलीच्या घोडदळाच्या दाणावैरणीवर खर्च होत होता. सीमा आखून दोन्ही काठ वेगळे केले, त्याच तहाने त्यांना असे एका हिशेबात बांधलेही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या काळात वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्यावर गेला आणि कंटिंजंट लगेचच इंग्रजी हिंदी लष्करात विलीन झाली. सीमा तेवढी राहिली.

या सीमेचा पहिला परिणाम माणसांच्या हालचालींवर झाला. वऱ्हाडात १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. रयतवारी म्हणजे सरकारने मधला वसूलदार वगळून प्रत्यक्ष कसणाऱ्या खातेदाराशी तीस वर्षांसाठी सारा ठरवणे, आणि खातेदाराला जमीन विकण्याचा, गहाण ठेवण्याचा व वारसांना देण्याचा हक्क मान्य करणे. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोल्यावरून पूर्ण झाला आणि मजुरीचे दर वाढले. निजामी मुलखातून वऱ्हाडात जाणाऱ्या कुटुंबांचा ओघ लागला. वऱ्हाडची लोकसंख्या १८६७ मध्ये २२ लाखांच्या वर होती ती १८९१ मध्ये २८.९७ लाखांवर गेली. तिच्यात नैसर्गिक वाढीबरोबर या स्थलांतराचाही भाग होता. दक्षिणेकडे निजामाचा दिवाण पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून वसुलीतील मक्तेदारी मोडायला सुरुवात केली होती, हे खरे. पण जहागिरी आणि निजामाच्या खासगी उत्पन्नाचे सर्फेखास मुलूख या सुधारणांच्या बाहेरच राहिले. मक्तेदारीचे स्वरूप किती खोल होते याचा एक नमुना म्हणजे विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू: वऱ्हाडचा कापूस १८२५-२६ मध्ये प्रथम मुंबईला पाठवणाऱ्या याच पेढीने निजामाच्या महसुलाचे आणि जकातीचे मक्तेही घेतले होते.

रेल्वेने लमाणांचा व्यवसाय एका पिढीत संपवला. वऱ्हाडात १८६७ मध्ये, गोदावरी खोऱ्यात १९०० च्या सुमारास आणि पूर्णेहून हिंगोलीपर्यंत १९१२ मध्ये रूळ आले. हिंगोलीच्या पुढे उत्तरेला ते स्वातंत्र्यानंतरच सरकले, त्यामुळे कनेरगावच्या बाजूला बैलगाडी आणि पाठीवरची गोणी इतर ठिकाणांपेक्षा काहीशी जास्त टिकली. बैल होते, गुरांची पारख होती, पण वाहायला माल नव्हता. तांडे स्थिरावू लागले ते गावाच्या भारी जमिनीत नव्हे, कारण ती आधीच वतनदार आणि कुणबी खातेदारांकडे होती; ते माळावर, बरडावर, जंगलाच्या कडेला बसले. पुसद-यवतमाळ भागात १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांखाली सरकारने इजारे दिले, म्हणजे ओसाड गावे ठरावीक मुदतीसाठी लागवडीच्या अटीवर ठेक्याने दिली. आजही त्या भागातील अनेक गावांच्या नावांपुढे ‘इजारा’ हा शब्द लागतो. जंगल तोडून, दगड वेचून, बांध घालून अशी जमीन पिकाखाली आणायला जे हात लागले त्यांत आंध आणि लमाण दोघेही होते. इथेच दोन समाजांचे हितसंबंध पहिल्यांदा एकमेकांना भिडले: लमाणाला जी जमीन पडीक दिसत होती, ती अनेकदा आंधाची चराई, त्याचा मोह आणि त्याचे कंदमूळ होते.

सीमेवरच्या या नाक्यावर निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकात खात्याचा, अंमल चाले. राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर साधारणतः किमतीच्या शेकडा पाच या दराने ही जकात घेतली जाई. मोठ्या व्यापाऱ्याला पाच टक्के भावात मिळवून घेता येत. दोन पोती ज्वारी किंवा एक जोडी खोंड घेऊन नदीपलीकडच्या बाजाराला निघालेल्या माणसाला ते जमत नसे, आणि पावतीपेक्षा शिपायाची मर्जी महाग पडे. धान्याची नैसर्गिक बाजारपेठ असलेले वाशीम असे परराज्यात गेले होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या रचनेची कसोटी लागली. वऱ्हाडात रिलीफची कामे निघाली, सीमेपलीकडून भुकेलेली माणसे त्या कामांकडे वळली. तरीही १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २७.५४ लाखांवर उतरलेली आढळते, यावरून उत्तरेकडची सुबत्ता किती वरवरची होती हे कळते. कापूस पिकवणाऱ्या मुलखात घरात ज्वारीचा साठा कमी आणि हातात पैसा जास्त असतो. पीक बुडाले की दोन्ही जातात.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्तारांनी लमाणांच्या अनेक गटांवर पोलिसांची नजर बसवली. कालपर्यंत फौजेने ज्यांना मानाने बोलावले त्या समाजाला गाव सोडताना वर्दी देण्याची वेळ आली. हजेरी देत शेती करता येत नाही, आणि शेती नसेल तर संशय वाढतो, अशा कात्रीत हे तांडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द होईपर्यंत राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद राज्यात सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, लागू झाली. शेतकऱ्याने पिकाचा ठरलेला हिस्सा सरकारी भावाने घालायचा होता. बडा जमीनदार आपला हिस्सा कमी दाखवू शके, लहान खातेदाराच्या खळ्यावरून मात्र खाण्याची ज्वारीही उचलली जाई. हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाके आंदोलकांच्या हल्ल्यांचे लक्ष्य ठरले. लेव्ही आणि जकात हीच राजवटीची रोज भेटणारी रूपे असल्याने, त्या रागाचा बराचसा भाग अन्नाचा होता असे म्हणण्यास जागा आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, तरी सीमेचे परिणाम संपले नाहीत. उलट ते आता कल्याणकारी कायद्यांत उतरले. दक्षिणेला १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या हैदराबाद कूळ व शेतजमीन कायद्याने संरक्षित कूळ हा हक्क निर्माण केला. उत्तरेला, विदर्भासाठी कुळांचा सर्वंकष कायदा १९५८ साली झाला, आणि मधल्या आठ वर्षांत मालकांना कुळे काढून टाकायला भरपूर अवधी मिळाला.

अनुसूचित जमातींच्या यादीत हा फरक अधिक उघडा आहे. १९५० च्या आदेशात हैदराबाद राज्यासाठी आंधांचा समावेश होता, म्हणून परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील आंध आदिवासी ठरले. विदर्भासाठी मात्र ही यादी विशिष्ट तालुक्यांपुरती होती: अमरावतीतील मेळघाट, चांद्यातील गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ. पुसद तालुका त्यात नव्हता, वाशीमही नव्हते. पैनगंगेच्या दक्षिणेकडील आंध आई आदिवासी आणि उत्तरेला दिलेली तिची मुलगी बिगर-आदिवासी, अशी ही व्यवस्था १९५६ मध्ये दोन्ही काठ एका राज्यात येऊनही टिकली. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठवले तेव्हा ती मोडली. त्याआधी महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेतील कलम ३६ च्या स्पष्टीकरणात, यादीतील क्षेत्राबाहेर राहणाऱ्या अशा जमातींनाही जमिनीच्या संरक्षणाची गरज असल्याचे जाहीर करून त्यांना त्या कलमापुरते अनुसूचित जमातींप्रमाणे मानले गेले. राज्याच्या कायद्यातील ही तरतूद थोड्यांच्याच लक्षात येते, आणि ती नसती तर १९७४ च्या जमीन परत करण्याच्या कायद्याचा पुसद भागातील आंधांना काहीच उपयोग झाला नसता. त्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची वाट उघडली.

लमाणांच्या बाबतीत सीमा आणखी विचित्र ठरली. महाराष्ट्रात ते विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर १९७६ नंतर तेलंगणातही अनुसूचित जमातींत धरले गेले. आदिलाबाद जिल्ह्यात, ज्यात १९५६ पर्यंत किनवटही होते, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात गोंड आणि कोलाम यांच्या जमिनी बाहेरून आलेल्या लागवडदारांकडे कशा सरकत होत्या याची नोंद केली होती. १९७६ नंतर महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या लमाण कुटुंबांमुळे तोच ताण पुन्हा वाढल्याचेही त्याने पुढे लिहिले. उपेक्षित समाज दुसऱ्या उपेक्षित समाजाची जमीन घेऊ शकतो, ही गोष्ट पैनगंगाकाठच्या इतिहासातही झाकण्याचे कारण नाही.

याच पट्ट्याने राज्याला वसंतराव नाईक दिले. १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यात, फुलसिंग नाईक यांच्या घरी जन्मलेले वसंतराव १९६० पासून महसूलमंत्री आणि ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. ज्यांच्या पूर्वजांनी दुष्काळी मुलखांत धान्य वाहून नेले, त्यांच्या वंशजाकडे राज्याला धान्यात स्वयंपूर्ण करण्याचे काम आले. संकरित ज्वारीचा प्रसार, कृषी विद्यापीठे आणि ज्वारीची सरकारी खरेदी ही त्यांच्या धोरणाची अंगे होती. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. संकरित वाणाने पोत्यांची संख्या वाढवली, यात वाद नाही. पण त्याचा कडबा आखूड, भाकरी गावरान ज्वारीइतकी गोड नाही, ऐन काढणीला पाऊस आला की कणीस काळे पडते, आणि घरचे बी पुढच्या वर्षी चालत नाही. बरडावरच्या लहान शेतकऱ्याला या चारही गोष्टी भारी जमिनीच्या मालकापेक्षा अधिक बोचल्या. नाईकांच्या कारकिर्दीचे खरे मोठेपण १९७२-७३ च्या दुष्काळात दिसते. कामांवर मे १९७३ च्या सुमारास जवळपास पन्नास लाख मजूर होते. खडी फोडणाऱ्या बाया-माणसांना सुकडी मिळत होती, रेशनवर परदेशी मिलो ज्वारी येत होती, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्याने मजुराचा हक्क बनली. मागेल त्याला काम या तत्त्वाने जात, जमात आणि काठ यांचा विचार न करता हक्क दिला, हे या भागाच्या इतिहासात प्रथमच घडले.

गेल्या चार दशकांत ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनकडे, आणि पाणी असेल तिथे हळदीकडे गेले. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सोयाबीन विकायचे पीक आहे, त्याने ना भाकरी मिळते ना कडबा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली रेशनवर येते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ, म्हणजे ज्यांनी ज्वारी पिकवली त्यांना तीच आता बाजारातून घ्यावी लागते. पैनगंगेवरील इसापूर धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या खोऱ्यात जाते, वरच्या बरडाला ते चढत नाही. दिवाळीच्या सुमारास तांड्यांतील जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि बरेच तांडे महसुली गाव नसल्याने रेशन दुकान मूळ गावातच असते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जुनी विभागणी नव्या रूपात समोर आणली. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवणे पुरेसे आहे. इतर पारंपरिक वननिवासींना त्याच्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वस्ती सिद्ध करावी लागते. महाराष्ट्रातील लमाण दुसऱ्या वर्गात येतात. त्यांना १९३० च्या आसपासचा पुरावा लागतो, आणि नदीच्या दक्षिणेला त्या काळातील सरकारी दफ्तर उर्दूत आहे. ज्या समाजाच्या नोंदी पोलिसांच्या हजेरीपुस्तकातच काय त्या नियमित होत्या, त्याच्याकडून असा पुरावा मागणे अन्याय्य आहे. आंधांना दिलेली सवलत मात्र त्यामुळे चुकीची ठरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केल्यावर, त्याच आधाराने अनुसूचित जमातींत समावेश व्हावा म्हणून बंजारा समाजाचे मोर्चे निघाले, आणि आदिवासी संघटनांनी त्या मागणीला विरोध केला.